कविता आधी वाचा, मग ऐका : पॉलिफनीचा ‘क्लाउडबर्स्ट’

अल्बमचं पूर्ण नाव ‘क्लाउडबर्स्ट अँड अदर कोरल वर्क्स’, म्हणजे ‘ढगफुटी आणि वृंदगायनाच्या इतर रचना’. संगीत अमेरिकन संगीतकार एरिक व्हिटकर यांचं, गाणारा संच इंग्लंडमधला ‘पॉलिफनी’, संचालक स्टीफन लेटन, कंपनी हायपेरियन, साल 2006. जवळजवळ सगळं नुसत्या गळ्यांवर, वाद्याची साथ नाही. शब्द मात्र बहुतेक ठिकाणी आधी छापून आलेल्या, नावाजलेल्या कवितांचे आहेत. ई. ई. कमिंग्ज, एमिली डिकिन्सन, ऑक्टाव्हिओ पाझ, रूमी ही त्यांतली काही नावं. हा अल्बम नवा नाही, पण आपल्याकडे कवितेवर आणि भावगीतावर जीव असणाऱ्या माणसांपर्यंत तो पोचलेला मला दिसत नाही. हे लिहिण्याचं कारण तेवढंच. मी बार्शीला एका माध्यमिक शाळेत संगीत शिकवते, दरवर्षी मुलांची समूहगीतं बसवते, आणि गेली काही वर्षं हा अल्बम माझ्या कानांत सतत आहे.

आपल्याला कवितेचं गाणं ऐकायची एक सवय आहे. एक आवाज, शब्द लख्ख, मागे साथीचे सूर बेताचे. कवीची ओळ कळली नाही तर गाणं फसलं असं आपण मानतो, आणि त्यात चूक काही नाही. समूहगीत म्हटलं की ते वेगळंच खातं. सगळ्यांनी एक चाल एकाच सुरात म्हणायची, ढोलकी-तबल्याचा ठेका, हात पुढे, छाती ताठ, आणि शेवटच्या ओळीला जोर. देशाचं गाणं, शाळेचं गाणं, स्वच्छतेचं गाणं. नाजूक कविता आपण समूहाच्या हाती देतच नाही. गोव्यातल्या घरांत मांडो हे कोंकणी गीत दोन आवाजांत म्हटलं जातं, चर्चमध्ये चार आवाजांचं गाणं पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय. मुंबईत परंज्योती अकॅडमी कोरससारख्या वृंदाने कूमी वाडियांच्या हाताखाली अनेक दशकं हे काम केलं. पण घाटावरच्या आमच्यासारख्या गावांत ‘चौघांनी चार वेगळे सूर धरायचे’ ही गोष्टच परकी. वर्गात मी पहिल्यांदा हे लावलं तेव्हा सातवीतल्या एका मुलीने विचारलं, “बाई, हे सगळे एकदम वेगवेगळं का म्हणतायत?” फार नेमका प्रश्न आहे तो. या अल्बमचं माझ्यापुरतं उत्तर असं : ओळीत एकाच वेळी जे दोन-तीन भाव दडलेले असतात ते एकट्या गळ्याला एकामागून एकच दाखवता येतात, आणि पंचवीस-तीस गळ्यांना एकदम दाखवता येतात.

त्यासाठी आधी सुरांचं बघू, कारण हार्मोनियमवर वाढलेल्या कानाला इथे पहिला धक्का बसतो. पेटीच्या दोन शेजारच्या पट्ट्यांमधलं अंतर 100 धरलं, तर पेटीचा शुद्ध गंधार तानपुऱ्याच्या तारेतून आपोआप उमटणाऱ्या गंधारापेक्षा सुमारे 14 ने चढा असतो. पियानोचंही तेच. आपण तो चढा गंधार इतका ऐकलाय की तो खटकत नाही. पण वाद्य काढून घेतलं आणि गाणारे खरोखर एकमेकांना ऐकत असले, की गळे आपसूक खऱ्या गंधाराकडे सरकतात. पॉलिफनीच्या गाण्यात हे जागोजागी होतं. आवाजात कंप जवळजवळ नाही, सूर सरळ लावलेला, आणि एखादा साधा सा-ग-प असा मिळतो की वरच्या सप्तकात कुणीच न गायलेला सूर ऐकू येतो. तानपुरा नीट जुळल्यावर खोलीत जे भरतं तेच. शास्त्रीय गाणं शिकलेल्या माणसाला हे ओळखीचं वाटेल, पाश्चात्त्य संगीत कळत नसलं तरी.

व्हिटकर यांची खूण मात्र त्यापुढची आहे. घरी पेटी असेल तर सा-ग-प धरा आणि त्यात रे मिसळा. पेटीवर तो थोडा गढूळ वाटेल. गळ्यांवर, शुद्ध लागला तर, तो रे सा आणि ग यांच्यामध्ये चमकत राहतो, सुटायची घाई न करता. आपल्या कानाला सा आणि रे एकदम लागणं म्हणजे कुणीतरी बेसूर झाल्याची खूण. इथे तीच जवळीक मुद्दाम साधलेली आहे, आणि ती नेमकी कुठल्या शब्दावर ठेवलीय हे पाहणं हाच या अल्बमचा खरा आनंद.

‘अ बॉय अँड अ गर्ल’पासून सुरुवात करा. मेक्सिकन कवी पाझ यांची ही कविता बारा-पंधरा ओळींत संपते, इंग्रजी भाषांतर म्युरिएल रुकायझर यांचं. एक मुलगा आणि एक मुलगी गवतावर पहुडलेली, संत्री खात, लाटांनी फेस द्यावा-घ्यावा तशी चुंबनं देत-घेत. मग तीच दोघं वाळूवर, लिंबं खात, आता ढगांसारखी. आणि तिसऱ्या कडव्यात तीच दोघं जमिनीखाली. काही बोलत नाहीत, चुंबन घेत नाहीत, शांततेच्या बदल्यात शांतता देतात. बस. तीन चित्रं, एकाच साच्यातली वाक्यं. कवीने मृत्यू हा शब्द वापरलेला नाही.

पहिली दोन कडवी जवळपास एकाच चालीत आहेत, आणि ती चाल इतकी साधी की माझ्या आठवीतल्या मुलांनी ती दोनदा ऐकून गुणगुणली. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. कवीने वाक्याचा साचा बदलला नाही, तर संगीतकारानेही चालीचा साचा बदलला नाही. त्यामुळे तिसऱ्या कडव्यात तोच आरंभ येतो तेव्हा कान तयार असतो, पुन्हा फळं येणार, पुन्हा लाटा येणार. आणि शब्द येतात ‘जमिनीखाली’. आवाज खाली उतरतात, श्वासांमधली जागा वाढते. ‘चुंबन घेत नाहीत’ या दोन इंग्रजी शब्दांवर जे चार मापांचं (तालाच्या चार छोट्या तुकड्यांचं) संगीत आहे, ते कदाचित आपण लिहिलेलं सर्वांत खरं संगीत असेल, असं व्हिटकर यांनी स्वतः म्हटलं आहे. माझंही मत तेच. तिथे आर्त चढ नाही, हुंदका नाही. सूर एकमेकांच्या अगदी जवळ येऊन थांबतात आणि स्पर्श न करता सुटतात. एकट्या गायकाला हे करता येणारच नाही. दोन सूर जवळ यायला दोन माणसं लागतात, आणि कविता दोन माणसांचीच आहे.

लेटन यांनी इथे गती अगदी बरोबर धरली आहे. याच गाण्याची मी ऐकलेली इतर ध्वनिमुद्रणं तिसऱ्या कडव्यात इतकी रेंगाळतात की शोक आधीच कळतो. पॉलिफनी शेवटपर्यंत चालत राहते.

आता अल्बमला ज्याचं नाव दिलंय ते ‘क्लाउडबर्स्ट’. हे पूर्णपणे वाद्याविना नाही. पियानो आहे, हातात धरून वाजवायच्या घंटा आहेत, ढगांच्या गडगडाटासाठी पत्रा आणि मोठा ढोल आहे. शब्द पाझ यांच्याच ‘फुटका माठ’ या दीर्घ कवितेतून निवडलेले आणि मूळ स्पॅनिशमध्येच गायलेले. ती कविता कोरड्या पडलेल्या मेक्सिकोची आहे. धुळीची, दगडांची, पाण्याची वाट बघणाऱ्या जमिनीची. पाझ यांचा भारताशी संबंध तुम्हाला ठाऊक असेल. 1962 पासून 1968 पर्यंत ते दिल्लीत मेक्सिकोचे राजदूत होते, आणि मेक्सिको सिटीत विद्यार्थ्यांवर गोळीबार झाल्यावर त्यांनी ते पद सोडलं. 1990 चं नोबेल त्यांना मिळालं. ही कविता मात्र त्याआधीची, 1950 च्या दशकातली. तरीही ती वाचताना मला सारखी आमचीच जमीन दिसते. एप्रिलअखेर बार्शीकडून भूमकडे एसटीने जाऊन बघा.

कवितेतल्या ज्या ओळी व्हिटकर यांनी घेतल्या त्यांचा आशय असा : डोळे उघडे ठेवून झोपलं पाहिजे, हातांनी स्वप्न पाहिलं पाहिजे, मोठ्याने स्वप्न पाहिलं पाहिजे, गाण्याला मुळं फुटेपर्यंत, खोड, फांद्या, पाखरं, तारे फुटेपर्यंत गात राहिलं पाहिजे. सुरुवातीला नुसतं ‘पाऊस’ एवढंच, स्पॅनिशमध्ये, थरथरत्या सुरांत. मध्ये एक आवाज न गाता बोलतो आणि बाकीचे त्याच्याभोवती कुजबुजतात. मग घंटा येतात. मग गाणारे चुटक्या वाजवू लागतात. आधी एखाद-दुसरी, मग दाट, मग टाळ्या, मग पत्र्याचा गडगडाट, आणि पाऊस कोसळतो. शेवटी पुन्हा विरळ होत होत चुटक्याच उरतात. ही युक्ती आपण एका जुन्या शिबिरी खेळातून घेतली, असं संगीतकार सांगतात.

हे व्हिटकर यांनी विशी नुकतीच ओलांडल्यावर लिहिलं, लास व्हेगासच्या एका हायस्कूलच्या गायकवृंदासाठी. वाळवंटातलं शहर. पाझ यांच्या कविता हातात होत्या आणि त्याच सुमारास त्यांनी एक ढगफुटी डोळ्यांनी पाहिली होती. शाळकरी मुलांसाठी कुणीतरी इतकं अवघड, इतकं धाडसी लिहावं, स्पॅनिश कवितेवर लिहावं, आणि मुलांनी ते गावं, हे मला विलक्षण वाटतं. आपण मुलांना फार सोपं देतो. मी आमच्या सभागृहात, वर पत्रे आहेत तिथे, पन्नासेक मुलांना उभं करून नुसत्या चुटक्यांचा भाग करून पाहिला. गाणं नाही, फक्त पाऊस. मधल्या रांगेतल्या मुलांना डोळे मिटायला सांगितलं होतं. वळवाचा पहिला सपकारा पत्र्यावर येतो तो आवाज आणि हा आवाज यांत फरक करणं अवघड होतं. संपल्यावर कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, सगळे वर बघत राहिले.

अल्बममधलं ध्वनिमुद्रण म्हणूनही हेच गाणं सर्वांत कठीण. एका बाजूला बोललेला शब्द, दुसऱ्या बाजूला ढोल. हायपेरियनने ते छान सांभाळलंय. चुटक्या कानाच्या डाव्या-उजव्या बाजूला पसरलेल्या ऐकू येतात, आणि गडगडाटातही खर्जातले आवाज बुडत नाहीत.

‘स्लीप’ची गोष्ट वेगळी, आणि ती माहीत असेल तर गाणं दुप्पट उमगतं. ऑस्टिनमधल्या एका गायिकेने, दीर्घ संसारानंतर तिचे आईवडील पाठोपाठ गेले त्यांच्या आठवणीसाठी, व्हिटकर यांना एक रचना करायला सांगितली आणि कविता स्वतः निवडून दिली. रॉबर्ट फ्रॉस्ट यांची, बर्फाळ संध्याकाळी रानाशी थांबलेल्या घोडेस्वाराची. तीच, जिच्या शेवटच्या ओळी पंडित नेहरूंनी स्वतःच्या हाताशी लिहून ठेवल्या होत्या. आपल्याकडच्या कित्येकांनी ती शाळेत पाठ केलेली असते. संगीत तयार झालं, 2000 साली गायलंही गेलं. मग कळलं की फ्रॉस्ट यांच्या साहित्याचे हक्क ज्यांच्याकडे आहेत ते परवानगी देत नाहीत. रचना कपाटात बंद करायची वेळ आली. तेव्हा व्हिटकर यांनी आपला कवीमित्र चार्ल्स अँथनी सिल्व्हेस्ट्री याला विनंती केली : याच संगीतावर, याच मात्रांत, याच जागी ‘झोप’ हा शब्द येईल अशी नवी कविता लिही. त्याने लिहिली. फ्रॉस्ट यांची कविता 1923 ची. अमेरिकेत ती 2019 साली मुक्त झाली, आणि आपल्याकडे कवीच्या मृत्यूनंतर 60 वर्षांचा नियम असल्यामुळे 2024 पासून. पण तोवर नव्या शब्दांनी गाणं जगभर पोचलं होतं.

मराठी माणसाला यात नवल वाटायला नको. संगीत नाटकांच्या काळात आधी बंदिश आणि मग तिच्या वजनावर पद, असंच तर चालत होतं. आणि चालीवर लिहिलेल्या पदात जो गुण असतो तोच इथे आहे. सिल्व्हेस्ट्री यांची कविता कागदावर फ्रॉस्ट यांच्या जवळपासही जात नाही. चंद्र, रुपेरी धागा, मिटणाऱ्या पापण्या, असं बरंचसं ओळखीचं सामान आहे. पण प्रत्येक स्वर गळ्यातून कसा निघेल हे बघून शब्द ठेवलेला आहे. आमच्या शाळेतल्या इंग्रजीच्या सरांना मी हे ऐकवलं तेव्हा ते मनात फ्रॉस्ट यांच्याच ओळी म्हणत होते, आणि त्या तंतोतंत बसत होत्या. त्यांचं म्हणणं पडलं की मूळ कविता गेली हे नुकसानच. माझं मत थोडं निराळं आहे. फ्रॉस्ट यांच्या घोडेस्वाराला अजून मैलोन्‌मैल जायचंय, तो झोपत नाही, हीच त्या कवितेची ताकद. पण ज्या आईवडिलांसाठी हे संगीत लिहिलं ते झोपले होते. शेवटी ‘झोप’ हा एकच शब्द पुन्हा पुन्हा येत, विरत विरत जातो, तिथे सिल्व्हेस्ट्री यांचे शब्द अधिक खरे ठरतात. पॉलिफनीने तो शेवट असा गायला आहे की नेमका कुठल्या क्षणी आवाज थांबला ते सांगता येत नाही.

मग ‘आय थँक यू गॉड फॉर मोस्ट धिस अमेझिंग डे’. कमिंग्ज यांचं सुनीत, आजच्या दिवसाबद्दलची कृतज्ञता, हिरव्या झाडांबद्दल, निळ्या आकाशाबद्दल. शेवटच्या दोन ओळी कवीने कंसात घातल्या आहेत : आता माझ्या कानांचे कान जागे झाले, आता माझ्या डोळ्यांचे डोळे उघडले. केनोपनिषद ज्यांच्या परिचयाचं आहे त्यांना हे वाचून थांबावंच लागेल. ‘श्रोत्रस्य श्रोत्रम्’, ‘चक्षुषश्चक्षुः’, कानाचा कान, डोळ्याचा डोळा. ओळीचा घाट तोच, जागा मात्र निराळी. उपनिषद गुरूच्या तोंडून शांतपणे सांगतं, कमिंग्ज यांचा माणूस आत्ताच जागा झालाय आणि आनंदाने थक्क आहे. व्हिटकर यांनी ‘उघडले’ या शब्दावर आवाज एकातून दोन, दोनातून चार असे फोडत नेले आहेत, कापसाचं बोंड उकलावं तसे. मोठ्याने ओरडून उघडणं नाही हे. सकाळी ऐकायचं गाणं आहे. माझी या अल्बममधली दुसऱ्या क्रमांकाची आवड.

‘व्हेन डेव्हिड हर्ड’ हे कवितेवर नाही, बायबलच्या जुन्या करारातल्या एका वाक्यावर आहे. मुलगा मारला गेल्याचं राजा डेव्हिडला कळतं, तो माडीवर जातो आणि रडतो. ‘माझ्या मुला, माझ्या मुला’. हे गाणं बरंच लांब आहे, आणि त्यातला मोठा भाग म्हणजे हे दोन शब्द. पुन्हा पुन्हा, प्रत्येक वेळी आवाजांचा आणखी एक थर चढवत, असह्य होईपर्यंत, आणि मग एकदम थांबणं. ते थांबणंही लिहिलेलं आहे. ज्याच्या घरात असं काही घडलंय त्याने हे एकट्याने लावू नये, असं मी मनापासून सांगेन. संगीत म्हणून ते मोठं आहे, यात मला शंका नाही.

‘वॉटर नाइट’ पुन्हा पाझ यांचं. डोळे उघडले तर रात्र उघडते, डोळे मिटले तर आतून नदी भरून येते. सुंदर आहे, पण इथे मला व्हिटकर यांची मर्यादा जाणवायला लागते. दाट सुरांचा ढग, हळू गती, शब्दावर उलगडणारा गुच्छ, हे सगळं एव्हाना तीन-चार गाण्यांत ऐकून झालेलं असतं. ‘लक्स ऑरमक्वे’तही तेच. एडवर्ड एश यांची छोटीशी इंग्रजी कविता सिल्व्हेस्ट्री यांच्याकडून मुद्दाम लॅटिनमध्ये करून घेतलेली. प्रकाश, ऊबदार आणि सोन्यासारखा जड. ऐकायला गोड, पण कवितेने संगीताला काही अडवलेलं नाही, काही विचारलेलं नाही. ज्या कवितेत स्वतःचा कणा आहे तिथेच व्हिटकर उंच जातात असं माझं निरीक्षण आहे. कमिंग्ज यांच्याच आणखी एका कवितेतले ‘आशा, श्रद्धा, जीवन, प्रेम’ असे सुटे शब्द घेऊन केलेली रचनाही मला याच कारणाने निसटती वाटली. कवितेची वाक्यं काढून टाकली की उरतात ते मोठाले शब्द, आणि मोठाल्या शब्दांना सूर लावणं सोपं असतं. ‘हर सेक्रेड स्पिरिट सोअर्स’ हे जुन्या एलिझाबेथकालीन स्तुतिगीतांच्या धर्तीवरचं, दोन वृंदांनी एकमेकांमागून गायचं. कारागिरी अफाट, पण मी ते क्वचित लावते. शिवाय त्यात वरच्या पट्टीतले सोप्रानो आवाज इतके धारदार येतात की हेडफोनवर आवाज कमी करावा लागतो.

उलट ‘गो, लव्हली रोझ’ जरूर ऐका. सतराव्या शतकातले कवी एडमंड वॉलर यांची कविता, आणि व्हिटकर यांची पहिली कोरल रचना. कॉलेजात वृंदात शिरेपर्यंत या माणसाला नोटेशन वाचता येत नव्हतं. मोझार्टच्या ‘रेक्विएम’ची, म्हणजे मृतांसाठीच्या प्रार्थनासंगीताची, तालीम चालली होती, आणि त्या पहिल्याच दिवशी आयुष्य बदललं, असं ते सांगतात. नंतर न्यूयॉर्कच्या ज्युलियार्ड संगीतशाळेत शिकले. या पहिल्या रचनेत अजून ढग दाटलेले नाहीत. ओळी मोकळ्या, गुलाबाला निरोप सांगणारी जुनी लाडिक कविता तिच्या स्वतःच्या चालीने चालते. इथे शब्द सर्वांत स्पष्ट आहेत.

शब्दांच्या स्पष्टतेबद्दल पॉलिफनीला वेगळी दाद द्यायला हवी. 1986 पासूनचा हा संच. शब्दाच्या शेवटी ‘ट’ किंवा ‘स’ आला की तो सगळ्यांच्या तोंडून एकाच क्षणी पडतो. समूहगीत बसवणाऱ्या कुणालाही विचारा, पंधरा मुलांचा शेवटचा ‘स’ एकत्र आणायला किती तालमी लागतात. आमच्याकडे तो सापाच्या फूत्कारासारखा लांबतो. मी आता मुलांना आधी हे ऐकवते आणि मगच ‘आकाश’ म्हणायला लावते.

व्हिटकर हे नाव तुम्ही ‘व्हर्च्युअल कॉयर’मुळे ऐकलं असेल. जगभरच्या लोकांनी घरी आपापला आवाज मुद्रित करून पाठवायचा आणि ते सगळे जोडायचे. 2010 साली ‘लक्स ऑरमक्वे’ 12 देशांतल्या 185 जणांनी असं गायलं, पुढच्या वर्षी ‘स्लीप’ 58 देशांतल्या लोकांनी, 2052 चित्रफिती जोडून. कल्पना हृद्य आहे, पाहताना डोळे भरतात. पण गाणं ऐकायचं असेल तर पॉलिफनीच ऐका. एकमेकांना ऐकत, एका खोलीत श्वास घेऊन गाणाऱ्यांनाच तो खरा गंधार सापडतो. स्वतः व्हिटकर यांनी संचालन केलेला ‘लाइट अँड गोल्ड’ हा अल्बमही आहे, त्याला 2012 मध्ये ग्रॅमी मिळालं. काही गाणी दोन्हीकडे आहेत. तो अधिक मऊ, अधिक झळाळता. मला पॉलिफनीचा काटेकोरपणा कवितेच्या जास्त जवळचा वाटतो.

आता मिळणार कुठे. हायपेरियन ही टेड पेरी नावाच्या माणसाने 1980 मध्ये लंडनला सुरू केलेली कंपनी. सुरुवातीच्या काळात ते टॅक्सी चालवून पैसे उभे करत. फार वर्षं कंपनीने आपलं संगीत स्ट्रीमिंगवर दिलं नाही, सीडी मागवावी लागे किंवा त्यांच्या संकेतस्थळावरून विकत उतरवून घ्यावं लागे. 2023 मध्ये युनिव्हर्सल या बड्या संगीत कंपनीने हायपेरियन विकत घेतली आणि त्याच वर्षी जुलैपासून टप्प्याटप्प्याने हा खजिना नेहमीच्या ॲपवर आला. म्हणजे आता ऐकणं सोपं आहे. पण ॲपवर एक मोठी उणीव राहते. कविता समोर नसते. गाण्याचं नाव दिसतं, संगीतकाराचं दिसतं, कवीचं नाव बहुतेकदा दिसतच नाही. या अल्बमपुरती ही उणीव मला अक्षम्य वाटते. हायपेरियनच्या संकेतस्थळावर मात्र सीडीसोबतची पुस्तिका विनामूल्य वाचायला मिळते, त्यात गायलेले शब्द आणि टिपणं आहेत. ती आधी उतरवून घ्या.

फोनच्या स्पीकरवर हे लावू नका. मंद्रातले बेस आवाज त्यात पोचतच नाहीत, आणि त्यांच्याशिवाय वरचे सूर अधांतरी वाटतात. प्रवासातही नको. मृदू भाग इतके मृदू आहेत की एसटीत ते ऐकूच येणार नाहीत, आवाज वाढवलात तर ‘क्लाउडबर्स्ट’चा ढोल दचकवेल. साधे तारेचे हेडफोन आणि घर निजल्यावरची वेळ पुरे.

सबंध अल्बम एका बैठकीत ऐकू नका, सुरांचा रंग एकसारखा असल्यामुळे तिसऱ्या-चौथ्या गाण्यानंतर कान बोथटतो. एक कविता वाचा, एकच गाणं ऐका, हवं तर तेच पुन्हा लावा. क्रम माझ्या मते असा असावा : आधी ‘गो, लव्हली रोझ’, मग ‘अ बॉय अँड अ गर्ल’, त्यानंतर फ्रॉस्ट यांची कविता हाताशी ठेवून ‘स्लीप’, मग कमिंग्ज. ‘क्लाउडबर्स्ट’ला एक स्वतंत्र संध्याकाळ द्या, शक्यतो मे महिन्यातली. ‘लक्स ऑरमक्वे’ आणि बाकीची केव्हाही चालतील. ‘व्हेन डेव्हिड हर्ड’ सर्वांत शेवटी, सोबत कुणीतरी असताना.